बिनखुणेची हरणं

हुसविक, साऊथ जॉर्जिया
१४ जानेवारी २०१३

ताई,

पोहोचलो. चार दिवस जहाजात नुसत्या उलट्या. इस्साट मात्र मजेत खात होता, माझ्या वाटचंही. बासष्टीचा माणूस, पण पोट विशीचं आहे.

पहिली बातमी वाईट. तू शिवलेले कातडी बूट गेले. चोरीला नाही, जप्त! इथे उतरायच्या आधी झडती असते. खिसे उलटे करून त्यातली धूळ यंत्राने ओढून घेतात, तळवे घासायला लावतात. डॉक्टर विनिफ्रेड म्हणून इंग्रज बाई इथली प्रमुख. तिने माझ्या बुटातलं गवत चिमटीत धरून असं पाहिलं, जणू मी साप घेऊन आलोय. "यात बी असेल," म्हणाली. मी म्हटलं, "बाई, हे पाय गरम राहावेत म्हणून घालतो. पेरायला नाही." ऐकते कुठली! आता रबरी बूट घालून हिंडतोय आणि बोटं आहेत की गेली ते रोज मोजून बघतो. कुत्राही आणू दिला नाही. कुत्र्याशिवाय हरणं वळवायची म्हणजे हात बांधून पोहायचं.

आमचा मुक्काम देवमासेवाल्यांच्या जुन्या साहेबाच्या घरात आहे. तेवढं एकच दुरुस्त केलंय. शेजारी त्यांचा सगळा कारखाना गंजत पडलाय: टाक्या, बॉयलर, कामगारांच्या बराकी. आत जायला बंदी, दोनशे मीटरवर पाट्या. छपराचे पत्रे दिवसभर आपटत असतात. त्यांना गप्प करायलाही आत जाता येत नाही.

हरणं अजून लांबून पाहिली. धष्टपुष्ट आहेत.

तुझा राग गेला असेल असं समजून लिहितोय. इथला फोन फक्त जीवावर बेतलं तर वापरायचा, आणि तुझी बोलणी त्यात बसत नाहीत असं विनिफ्रेडबाईंचं मत. म्हणून पत्र शाळेच्या संगणकावर पाठवतो. सुन्नाबाई, नमस्कार. छापून, घडी घालून ताईला द्या.

तुझा,
मिहक्कल


कौटोकेनो
२३ जानेवारी

मिहक्कल,

सुन्नाने घडी घालूनच दिलं. पण त्याआधी दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. पीठ आणायला गेले तर गल्ल्यावरची पोरगी विचारते, "राव्दनामावशी, बोटं आहेत ना त्याची?" मला पत्रच मिळालेलं नव्हतं!

आता मी बोलतेय आणि सुन्ना टाइप करतेय. 'गाढव' हा शब्द तिने दोनदा गाळला. तिसऱ्यांदा मी मागे उभी राहिले.

राग गेलेला नाही. तुला काय वाटलं, समुद्र ओलांडला की राग वितळतो? शंभर वर्षांपूर्वी आपल्याच देशातले देवमासेवाले ताज्या मांसासाठी दहा-बारा हरणं तिकडे घेऊन गेले. देवमासे संपले तशी माणसं घरी आली, हरणं तिथेच. आता ती तीन हजार झाली आणि डोंगर खाऊन टाकतात, तर ती संपवायला कोणाला बोलवायचं? आपल्याला! हरणं गोळा करायला पिढ्यान्‌पिढ्या कळप राखणाऱ्या आपल्या सामी माणसासारखा दुसरा नाही, म्हणे. आणि तू लगेच पिशवी भरलीस. इकडे सरकार वर्षानुवर्षं आपल्याला सांगतंय की तुमची हरणं फार झाली, कमी करा. आपण नाही म्हणतो. आणि माझा सख्खा भाऊ दुसऱ्या सरकारचा अख्खा कळप संपवून द्यायला जातो. कळपवाल्यांच्या बैठकीत कोणी विचारलं तर मी काय तोंड दाखवू?

बाबा असते तर एक शब्द बोलले नसते. नुसते उठून बाहेर गेले असते. ते जास्त वाईट.

इकडे ठीक आहे. हरणं ठीक, हवा ठीक. तू आपलं तिकडचं बघ.

आणि हो, हरणांच्या खात्यातून एका माणसाचा दोनदा फोन आला. "परवानाधारक आहेत का?" मी म्हटलं, परवानाधारक पेंग्विनांकडे गेलेत. काय काम होतं ते सांगेना. काय काम होतं?

राव्दना


हुसविक
२ फेब्रुवारी

ताई,

काय सांगू तुला! माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

आम्ही आठ दिवस खपून कुंपण घातलं. दोन्ही बाजूंनी तागाच्या कापडाच्या लांबच लांब भिंती, मध्ये निमुळती वाट, टोकाला गोल आवार. आपल्यासारखंच. सकाळी उठून बघतो तर वाटेच्या तोंडाशी हत्तीसील झोपलेला. आपल्या गाडीपेक्षा लांब, अंगाची सालं निघालेली, आणि वास असा की इस्साटने नाश्ता टाकला. इस्साटने! मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो, डबा बडवला. त्याने एक डोळा उघडला, ढेकर दिली आणि पुन्हा झोपला. विनिफ्रेडबाई म्हणतात, "त्याला त्रास द्यायचा नाही, त्याचं बेट आहे." मग आम्ही कुंपणच सरकवलं. दुपारपर्यंत नव्या तोंडाशी दुसरा येऊन झोपला.

केसाळ सील तर त्याहून वाईट. कुत्र्यासारखे भुंकत अंगावर येतात आणि चावतात. हातात काठी धरूनच चालायचं.

आणि हरणं! आपली हरणं वाऱ्याच्या दिशेने जातात, पुढची गेली की मागची येतात, हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलो. ही उलटीच. आम्ही डोंगराकडून आलो तर सरळ समुद्रात उतरली आणि पोहत पलीकडच्या किनाऱ्याला. इस्साट पाण्याच्या कडेला उभा राहून त्यांना आपल्या भाषेत शिव्या घालत होता. मी म्हटलं, "त्यांना कळत नाही, शंभर वर्षं झाली." तो म्हणाला, "शिव्या कळतात. भाषा कुठलीही असो."

चौथ्या दिवशी एकशे नव्वद आत आली. त्यांच्याबरोबर तीन राजा पेंग्विनही. ते आवाराच्या मधोमध उभे राहिले, पाहुण्यांसारखे. त्यांना आधी अदबीने बाहेर काढावं लागलं, मग काम.

ताई, एक सांगतो. मी सवयीने प्रत्येक हरणाचा कान बघत होतो. खाचा कातरून केलेली खूण कोणाची आहे, आपली की शेजारच्यांची. एकाही कानावर खूण नाही. सगळे कान अखंड. इतके अखंड कान मी जन्मात एकत्र पाहिले नव्हते. माझा हात दोनदा थांबला. इस्साट म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "मालकच नाही. विचारायचं कोणाला?" मग आम्ही काम केलं. नीट केलं, घाबरवलं नाही, लांबवलं नाही.

डोंगर मी बघून आलो. खरंच खाऊन टाकलेत. पक्षी इथे जमिनीत बिळं करून अंडी घालतात. गवत गेलं की माती ढासळते आणि बिळं बुजतात. हे विनिफ्रेडबाईंनी दाखवलं. मला भांडायचं होतं, पण भांडायला जागा सापडेना.

खात्याच्या माणसाकडे लक्ष देऊ नकोस. कसलीतरी मोजणी असेल.

मिहक्कल


कौटोकेनो
११ फेब्रुवारी

मिहक्कल,

कसलीतरी मोजणी!

काल रजिस्टर पत्र आलं. तुझ्या नावाचं. मी फोडलं. खुशाल पोलिसात जा. त्यात लिहिलंय: "आमच्या १७ ऑक्टोबरच्या पत्राला आपण उत्तर दिलेलं नाही." आपल्या परवान्यावरची त्र्याऐंशी हरणं मार्चअखेर कमी करायची. म्हणणं मांडायचं असेल तर ८ मार्चला आल्ट्याच्या कचेरीत हजर राहा, ही शेवटची संधी.

कुठलं ऑक्टोबरचं पत्र?

मी घर उलटंपालटं केलं. तुझं कपाट, तुझे कोट, बाबांची पेटी. शेवटी तुझ्या बर्फगाडीच्या हत्यारांच्या डब्यात सापडलं. फोडलेलं. वर कॉफीचा डाग. म्हणजे तू कॉफी पीत पीत वाचलंस, डब्यात घातलंस, वर पाने ठेवलेस आणि संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवलास. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर! तीन महिने माझ्या हातचं जेवलास!

परवान्यावर नाव तुझं. बाबांनी तुझं घातलं, कारण तू मुलगा. पण त्या परवान्याखाली तुझी हरणं एकसष्ट आहेत आणि बाकी सगळी माझी. त्र्याऐंशी कुठून आणणार होतास? तुझी सगळी दिलीस तरी माझी बावीस जातात. मला विचारायचं कधी होतं? सुरी लावल्यावर?

मला पेंग्विन नकोत. हत्तीसील नकोत. एका ओळीचं उत्तर हवंय. का लपवलंस?

सुन्ना म्हणते जरा सौम्य लिहूया. हे सौम्यच आहे.

राव्दना


हुसविक
१६ फेब्रुवारी

ताई,

तू म्हणाली असतीस लढूया. तू नेहमीच म्हणतेस. आणि माझ्यात लढायचं त्राण नव्हतं. सही करून देऊन टाकावं असं वाटत होतं, तर तुझं तोंड समोर यायचं. म्हणून दोन्ही केलं नाही. डब्यात टाकलं. मग हे काम आलं आणि मी पळालो. झालं एका ओळीपेक्षा जास्त, पण आहे ते असं आहे.

आता मी एक विचारू? इस्साटच्या बायकोने त्याला कळवलंय की नवीन वर्षाच्या दिवशी आपल्याकडे पाऊस पडला, मग गोठलं, आणि सगळं खोरं काचेसारखं झालंय. हरणांना बर्फाखालच्या चाऱ्यापर्यंत खुरानेसुद्धा पोहोचता येत नाही. तू मला लिहिलंस, "हरणं ठीक, हवा ठीक."

ठीक म्हणजे काय, ताई?

मिहक्कल


कौटोकेनो
२५ फेब्रुवारी

मिहक्कल,

इस्साटच्या बायकोला जीभ आवरत नाही, हे मला तिच्या लग्नापासून माहीत आहे.

बरं. ऐक. पाऊस पहिल्या तारखेला पडला. तू विमानतळावर रांगेत होतास. तीन तारखेपर्यंत वर बोटभर जाडीचा बर्फ बसला. हरणं खरवडून खरवडून खुरांतून रक्त काढत होती. मी चारा ओढायला लागले, रोज, एकटी. पहिल्या आठवड्यात नऊ गेली. मग मोजणं सोडलं. परवा मेलेली पुन्हा मोजली. एक्केचाळीस. बहुतेक लहान. तुझी किती, माझी किती, ते वेगळं काढलं नाही. काढायला बसले होते, पण कान बघवेनात.

अजून एक. सोळा जानेवारीला गाडी उलटली आणि माझं डावं मनगट मोडलं. म्हणूनच मी सांगते आणि सुन्ना टाइप करते. तुला वाटलं असेल ताईला संगणक येत नाही. येतो, दोन हातांनी येतो. तेव्हापासून शाळा सुटली की सुन्ना माझ्याबरोबर चारा टाकायला येते. मास्तरीणबाई! तिचा तर साध्या कोंबडीलासुद्धा कधी हात लागला नव्हता. परवा एका नराने तिला बर्फात ढकललं, तर उठून त्यालाच "सॉरी" म्हणाली. तुला काही कळवणार नाही अशी मी तिला शपथ घातली होती. दुकानातल्या सगळ्यांनाही घातली. पहिल्यांदाच गाव गप्प राहिलं.

का लपवलं विचारशील. तू तिकडून काय केलं असतंस? पेंग्विनांना घेऊन आला असतास? परत यायला जहाज नाही, फोन करायला परवानगी नाही. नुसता बसून झुरला असतास. आणि खरं सांगू, मी इतकी चिडले होते की तुला 'ये' म्हणायचं नव्हतं.

आता आपण दोघंही खोटारडे. पण तुझं जास्त मोठं. माझं फक्त आठ आठवड्यांचं आहे.

आठ तारखेला मी आल्ट्याला जाते आहे. हात गळ्यात बांधलेला आहे, तो तसाच दिसू दे त्यांना.

राव्दना


हुसविक
९ मार्च

ताई,

काल तू आल्ट्याला होतीस. काय झालं ते मला माहीत नाही आणि दिवसभर हातून काही धड झालं नाही. इस्साट दोनदा ओरडला. तुझं मनगट, तो चारा, ती खुरं... मी इथे हत्तीसीलांवर वैतागून पानंच्या पानं लिहीत होतो! स्वतःची लाज वाटली. एवढंच लिहितो, जास्त लिहिलं तर तुला राग येईल.

आमच्या बाजूचं काम संपलं. शेवटचं हरण परवा. म्हातारा नर. तीन आठवडे आम्हाला झुलवत होता. गोळीच्या टप्प्यात आला की समोर सील उभा राहायचा. मग तो नाहीसाच झाला. आम्ही डोंगर पालथा घातला. शेवटी इस्साटला त्याचे ठसे दिसले, ते सरळ पाट्या ओलांडून देवमाशांच्या कारखान्यात गेलेले.

आता तिथे तर जायचं नाही! विनिफ्रेडबाई अर्धा दिवस कोणाकोणाशी रेडिओवर बोलत होत्या. शेवटी आम्हाला पांढरे कपडे, तोंडाला मुखवटे चढवून, कागदावर सही घेऊन आत सोडलं. तिथल्या हवेत विषारी धूळ आहे म्हणतात. दोन महिने बाहेरून पाहिलेली जागा. देवमासे ओढून घ्यायच्या उतारावर सील झोपलेत, अगदी माणसाने रांगेत लावल्यासारखे. आत माणसाच्या उंचीच्या टाक्या, गंजून पातळ झालेल्या. एका भिंतीवर नावं कोरलेली. आपल्याकडची नावं, ताई. समोर वर्षं. एकाने सहा वर्षं कोरलीत, मग काही नाही.

नर बॉयलरच्या मागे उभा होता. वारा लागू नये म्हणून आला असावा. मुखवट्याच्या काचेवर वाफ धरली होती, मला नीट दिसेना. इस्साट म्हणाला, "मी करू?" मी म्हटलं, "नको." मुखवटा काढला. बाईंनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. एका गोळीत झालं. मग मी तिथेच बसलो. इस्साट बाहेर गेला.

तिथे बसून मी त्या देवमासेवाल्यांवर इतका चिडलो! आणलीत हरणं, खाल्लीत, मोसम संपला तर न्यायची होती, नाहीतर संपवून जायची होती. सोडून काय जाता? कोणीतरी पुढे बघून घेईल म्हणून? आणि चिडता चिडता मला समजलं की मी घरी अगदी तेच करून आलोय.

म्हणून आता सुन्नाबाईंसमोर, गावासमोर लिहितो. मला हे काम आता करायचं नाही, ताई. हरणांचं. इथलं नव्हे, आपलं. चार वर्षं झाली मनात आहे. मला सकाळी उठून कळपाकडे जावंसं वाटत नाही. तुला वाटतं. तुला मोडक्या हाताने वाटतं. परवाना तुझ्या नावावर व्हायला हवा. तो बाबांनीच करायला हवा होता. मेमध्ये पाडसं होतील तेव्हा मी असेन, उन्हाळ्यात खुणा करायलाही असेन. त्यानंतर नाही. काय करणार ते माहीत नाही.

आधी जहाज, मग विमान. अठ्ठावीसला तिकडे उतरतो.

मिहक्कल


कौटोकेनो
१५ मार्च

मिहक्कल,

आधी आल्टा. तिघं बसले होते. मधल्याने विचारलं, "परवानाधारक कुठे आहेत?" मी म्हटलं, जगाच्या पार तळाशी, सरकारच्या सांगण्यावरून हरणं संपवतोय. तो हसायला लागला, मग बाकीचे हसत नाहीत हे बघून थांबला. मी ओरडले नाही. सुन्ना साक्ष देईल. मेलेल्या एक्केचाळीस जनावरांचे कान मी पिशवीत घालून नेले होते, ते टेबलावर ओतले. ते मात्र तिला आवडलं नाही. शेवटी ती एक्केचाळीस त्र्याऐंशीत धरली. उरलेली बेचाळीस पुढच्या शरद ऋतूपर्यंत. मी हो म्हटलं. हो म्हणणारी मी! तू लढायचं त्राण नाही म्हणालास ना, माझंही त्या दिवशी तेवढंच होतं.

आता तुझं. पत्र दुकानात वाचलं गेलं नाही. सुन्नाने पहिलं पान वाचलं, बाकीचं पाकिटात घालून चिकटवून दिलं. स्वतःच्या मनाने.

चार वर्षं! ऑक्टोबरवर मी इतका आरडाओरडा केला आणि इथे चार वर्षं निघाली. आणि वर काय, परवाना घे म्हणे, जसा काही ओला हातमोजा वाळत घालायला देतोय. बाबा गेल्यापासून अठरा वर्षं मला तो कागद हवा होता. कधी बोलले नाही. मागून मिळायला हवा होता, किंवा भांडून. तू असा दिलास की मला आनंदही धड करता येईना. दोन दिवस मी भांडी आपटली.

काल फॉर्म आणला. माझा भाग मी एका हाताने भरला, वेडावाकडा. तुझ्या भागात एक रकाना आहे: "व्यवसाय सोडण्याचं कारण." खिडकीवरची बाई म्हणाली रिकामा सोडला तरी चालतो, सगळे सोडतात. मी म्हटलं, आमच्याकडे चालणार नाही. तिथे काय लिहायचं ते मला कळत नाही, आणि तुझ्या वतीने मी काही लिहिणार नाही.

अठ्ठावीसला मला गाडी चालवता येणार नाही, प्लास्टर निघायचंय. सुन्ना येईल विमानतळावर. चांगली बाई आहे, पण तुला माहीत आहे तिचं. दोन तासांचा रस्ता आहे, ती विचारेल. गप्प बस. झोपल्याचं सोंग कर. कारण काय ते आधी मला सांग.

राव्दना